कडुबा सरांचा शेवटचा वृत्तांत

शिवराज दुशिंग मंगळवारी वारले, बुधवारी त्यांना माती दिली आणि गुरुवारी सकाळी साडेसातपासून कडुबा सरांचा फोन टुणटुण करायला लागला.

शिवराजसाहेबांची मुलगी प्रेरणा पुण्याहून आलेली होती. वडिलांच्या जीवनवृत्तांतात काय काय यायला हवं, ते ती सुचेल तसं एकेका ओळीनं पाठवत होती. ‘अंकल, पप्पा नोकरीत असताना कुणाचा चहासुद्धा प्यायले नाहीत, हे घ्या.’ पाच मिनिटांनी, ‘अंकल, संडेस्कूलला दिलेले पंखे.’ सरांनी चष्मा पुसून कागदावर लिहिलं, चार पंखे. तोवर पुढचा निरोप. ‘पाच पंखे, अंकल. लोक चार म्हणतात, पण पाच आहेत.’

सरांनी चार खोडून पाच केलं.

त्यांच्या ख्रिस्ती मंडळीत रीतच होती तशी. माणूस ख्रिस्तवासी झाला की येत्या रविवारच्या उपासनेत त्याचा जीवनवृत्तांत वाचायचा. जन्म, शिक्षण, नोकरी, लेकरंबाळं, मंडळीची सेवा आणि शेवटचं दुखणं. वाचन पाच-सात मिनिटांचं, पण ते ऐकायला परगावचे सोयरेसुद्धा येत. कॉलेजात ग्रंथपाल म्हणून नोकरी केलेल्या, मोत्यासारखं अक्षर असलेल्या कडुबा लोखंडे सरांकडे हे काम अठ्ठावीस वर्षांपूर्वी आलं ते आलंच. माणूस मुखदुर्बळ. चारचौघांत बोलायला उभे राहिले की दोन वाक्यांत खाली बसायचे. पण कागद हातात असला की वाचता यायचं. आणि वाचून झालं की चर्चच्या पायऱ्यांवर मयताच्या घरचे हात हातात घेऊन म्हणायचे, "सर, अगदी डोळ्यांपुढं उभा केला माणूस." ते ऐकायला सरांना आवडायचं. इतकं आवडायचं की त्याची त्यांना लाज वाटायची.

"काय म्हणतीय दुशिंगांची पोरगी?" त्यांच्या बायकोनं, मनकर्णाबाईंनी, चहाचा कप टेबलावर ठेवत विचारलं.

"पंखे पाच आहेत म्हणते."

"पाचातला एक पहिल्या दिवसापासून फिरत नाय. ते बी लिहा." बाई खुर्ची ओढून बसल्या. "मला एक सांगा. इतक्या वर्षांत तुमच्या कागदात एक तरी पापी माणूस मेला का हो? समदे आपले प्रार्थनाशील, समदे मनमिळाऊ. त्या दारू पिऊन बायकोला मारणाऱ्याचं काय लिहिलं होतं तुम्ही?"

"स्वभावानं थोडे तापट, पण अंतःकरणानं निर्मळ."

"थोडे तापट!" बाई हसल्या. "तिचा हात मोडला होता."

कपाटातल्या फायलीत असे शंभराच्या आसपास कागद होते. त्यातला एकेक शब्द कुणाचा ना कुणाचा चेहरा समोर ठेवून, तो चेहरा आंबट होणार नाही अशा बेतानं बसवलेला होता.

पावणेदहाला प्रेरणाचा मोठा निरोप आला. सरांनी तो उभ्यानं वाचला आणि मग खाली बसले.

‘अंकल, सगळ्यात महत्त्वाचं राहिलं. प्रभुभोजनाचा चांदीचा प्याला. चर्चच्या नोकरानं चोरला होता आणि पप्पांनी तीन दिवस उपास-प्रार्थना करून तो शोधून काढला. देवानं त्यांना जागा दाखवली. ही साक्ष आलीच पाहिजे. मम्मी काही बोलायच्या स्थितीत नाही, पण माझी मनापासून इच्छा आहे.’

चहा गार झाला. बाईंनी दोनदा आठवण करून दिली, तिसऱ्यांदा कप उचलून नेला.

*

त्या गोष्टीला चौदा वर्षं झाली होती. प्रभुभोजनात द्राक्षारस द्यायचा तो प्याला मिशनच्या काळातला, जाड चांदीचा, आता काळवंडलेला. ईस्टरच्या आधी शिवराजसाहेबांनी तो उजळून आणायचं मनावर घेतलं. झाडलोटीच्या वेळी कपाट उघडं दिसलं तेव्हा, कुणाला न सांगता, स्वतःच्या हौसेनं. सराफ्यातून प्याला घेऊन ते घरी आले, तो पिशोरहून फोन, आई अत्यवस्थ आहे. प्याला टॉवेलात गुंडाळून त्यांनी बायकोच्या साड्यांखाली ठेवला आणि तसेच गावाकडं धावले. आई बारा दिवस झुंजली. तेवढ्यात इकडं प्रभुभोजनाचा रविवार आला आणि प्याला जागेवर नाही. कपाटाची किल्ली सांडूकडं. सांडू म्हणजे चर्चची झाडलोट करणारा, घंटा वाजवणारा, आवारातल्या एका खोलीत बायको पारूबाई आणि लहान पोरीसह राहणारा माणूस. कमिटी बसली. सांडू वेदीपुढं गुडघे टेकून शपथ वाहत होता, त्यानं तर संशय आणखीच वाढला. आठ दिवसांत खोली खाली झाली.

त्यानंतर शिवराजसाहेब परतले. एका दुपारी ते कडुबा सरांच्या घरी आले. मनकर्णाबाई शेजारी गेल्या होत्या. साहेबांच्या हातात टॉवेलाचं गाठोडं होतं.

"कडुबा, आईच्या नादात माझ्या ध्यानातूनच गेलं रे," ते म्हणाले. तोंडावरचं रक्त उतरलेलं. "आता कोणत्या तोंडानं सांगू? माझ्यापायी एका गरिबाचं घर उठलं, असं म्हणतील."

"सांडूचं काय?" सरांनी विचारलं होतं. तेवढं त्यांनी नक्की विचारलं होतं. पुढच्या चौदा वर्षांत स्वतःची बाजू मांडताना त्यांना एवढा एकच पुरावा सापडायचा.

"त्याला शेंद्र्याला कंपनीत वॉचमन म्हणून चिकटवतो. पगार इथल्यापेक्षा जास्त मिळेल. तू फक्त मिटिंगच्या वहीत सांभाळून घे."

आणि सरांनी सांभाळून घेतलं. कमिटीचं इतिवृत्त लिहायचं काम त्यांच्याकडंच होतं. प्याला जुन्या गीतपुस्तकांच्या मागं ‘सापडला’. सांडू यांना कामातील हयगयीबद्दल कमी करण्यात आले, तो निर्णय कायम. अक्षर नेहमीसारखंच मोत्यासारखं. त्यावर कुणी तरी म्हणालं, शिवराजसाहेब परतले आणि प्याला सापडला, ही प्रार्थनाच. साहेबांनी एकदा होकारार्थी मान हलवली. दुसऱ्यांदा हलवली नाही, पण नकारही दिला नाही. मग ती साक्ष झाली.

साहेब वाईट नव्हते, हीच तर पंचाईत. वाईट असते तर सरांना लिहिणं सोपं गेलं असतं.

*

शुक्रवारी सरांनी प्याल्याचा परिच्छेद लिहिला. ‘प्रभूच्या पवित्र पात्रांची त्यांनी प्राणापलीकडे काळजी घेतली.’ वाचून बघितला. ओळ चांगली जमली होती. ती चांगली जमल्याचा सरांना इतका संताप आला की त्यांनी कागद टराटरा फाडला आणि मग फाटलेल्या तुकड्यांवरून बाकीचा मजकूर उतरवून काढत बसले, कारण पंखे, बदल्या आणि नातवंडांची नावं त्याच कागदावर होती.

प्रार्थना केली. पण प्रार्थनेतसुद्धा ते देवाला पटेल अशी वाक्यं जुळवत होते, हे त्यांच्या लक्षात आलं आणि ते मध्येच उठले. आयुष्यभर सवयच ती. मिशनच्या बोर्डिंगात शहाणा मुलगा, कॉलेजात कुणाशी वाकडं न गेलेला ग्रंथपाल, मंडळीत सगळ्यांचा सर. या सगळ्यात देवाला काय वाटलं असेल, हे विचारायचं राहूनच गेलं होतं. माणसं समोर होती ना. त्यांचे चेहरे दिसत होते.

शनिवारी सकाळी ते बस पकडून शेंद्र्याला गेले. कंपनीच्या फाटकाशेजारी पत्र्याची केबिन होती. सांडू आत खुर्चीवर बसून ट्रकचे नंबर लिहीत होता. केस पांढरे झालेले, अंगावर निळा युनिफॉर्म.

"सलाम, सांडू," सर म्हणाले.

सांडूनं वर बघितलं. ओळखायला वेळ लागला नाही, पण उत्तराला लागला.

"सलाम. बसा. दुशिंगसाहेब गेले ते कळलं मला. पारू म्हणली, मातीला जाऊन ये. म्या म्हणलं, ड्युटी हाये."

सर लोखंडी स्टुलावर बसले. रस्ताभर तयार केलेलं भाषण केबिनच्या दाराशीच सांडलं. शेवटी ते एवढंच म्हणाले, "प्याला तू घेतला नव्हतास. मला तेव्हाच माहीत होतं."

"मला बी म्हाईत व्हतं," सांडू म्हणाला. "म्या घेतलाच नव्हता, तर मला म्हाईत नसंल व्हय?"

बाहेर ट्रकनं हॉर्न दिला. सांडू उठला, फाटकाची दांडी वर केली, नंबर लिहिला, परत येऊन बसला.

"उद्या वृत्तांत वाचायचाय. मी म्हणतो, खरं काय ते सांगून टाकावं. तुझं काय म्हणणं आहे?"

"चौदा वर्सांनी इचारायला आलात व्हय?" सांडूचा आवाज चढला नाही, पण त्याचा पेन थांबला. "माझ्या मेघाचं जमायलंय, सर. जालन्याची माणसं हायेत, आपल्यातलीच. आता त्यांना सांगू का, की पोरीचा बाप चोर व्हता का नव्हता, ह्याच्यावर चर्चमंदी पुन्यांदा चर्चा चालू झाली म्हणून? माझं नाव नका घेऊ."

"मग नको सांगू?"

"हे बघा." सांडूनं पेनाला टोपण लावलं. "म्या ‘व्हय’ म्हणलं तर तुमी सांगणार. म्या ‘नाय’ म्हणलं तर तुमी गप बसणार, आन् म्हणणार, सांडूच नको म्हणला. म्हंजे तवा बी माझ्याच डोक्यावर, आन् आता बी माझ्याच डोक्यावर. तुमचं तुमी काय ते बघा ना. मला कशाला इचारता?"

सरांना राग आला. आपण एवढ्या उन्हात आलो, या वयात आलो, आणि हा माणूस साधं पाणीही विचारत नाही. तोच सांडूनं खुर्चीखालून बाटली काढून पुढं केली. पाणी कोमट होतं. ते पिताना सरांच्या ध्यानात आलं की आपण इथंही ‘सर, लई बरं केलंत’ हे ऐकायलाच आलो होतो.

परतीच्या बसमध्ये त्यांनी हिशोब घातला. सांडूचं नाव घ्यायचं नाही. शिवराजसाहेबांचं घ्यायचं तर मेलेला माणूस उत्तर द्यायला उठणार नाही, आणि समोर केसरबाई, त्यांची बायको, पांढऱ्या साडीत बसलेली असणार. मग उरलं कोण? चिकलठाणा मागं पडेपर्यंत सर खिडकीबाहेर बघत राहिले. उरलेलं नाव त्यांना नीट माहीत होतं. ते फायलीतल्या एकाही कागदावर नव्हतं.

*

रविवारी चर्च भरलेलं होतं. मागं प्लास्टिकच्या खुर्च्या मांडाव्या लागल्या. नवे पाळकसाहेब वर्षापूर्वीच बदलून आलेले. त्यांनी सरांच्या कानात सांगितलं, "सहा मिनिटं, सर. पुढं गायन आहे."

सरांनी वाचलं. पिशोरचा जन्म, मिशनच्या शाळेतलं शिक्षण, नोकरी, आईची सेवा, पाच पंखे. पहिल्या बाकावर प्रेरणा ओठ हलवत सोबत वाचल्यासारखं करत होती. शेवटचं दुखणं आलं, तशी तिची मान वर झाली.

"वृत्तांत इथं संपला," सर म्हणाले आणि त्यांनी कागदाची घडी केली. घडी तिरपी झाली. "आता एक गोष्ट. ती माझी आहे. चौदा वर्षांपूर्वी आपला प्रभुभोजनाचा प्याला जागेवर नव्हता. तेव्हा आपल्या सेवकाला आपण काढून टाकलं. त्यानं प्याला घेतला नव्हता. मला ते नंतर कळलं, आणि कळल्यावरही मी मिटिंगच्या वहीत खोटं लिहिलं. प्याला पुस्तकांमागं सापडला नव्हता. मी देवाची आणि त्या घराची क्षमा मागतो."

मग मागून कुणी तरी म्हणालं, "मग प्याला होता कुठं, सर?"

प्रेरणा उठून उभी राहिली. "अंकल, आज? आजच्या दिवशी? आणि पप्पांनी तो प्रार्थनेनं शोधला, ते तुम्ही वाचलंच नाही!"

"मी माझ्यापुरतं सांगितलं, बेटा."

"म्हणजे प्याला कुणाकडे होता, तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"कुणाकडे?"

केसरबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं होतं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. ज्या साड्यांखाली प्याला होता त्या त्यांच्याच होत्या. सरांकडे त्यांनी एकदा बघितलं आणि नजर खाली नेली.

"ते मी सांगणार नाही," सर म्हणाले आणि पायरी उतरले.

गायनमंडळानं घाईघाईनं गीत धरलं, एक सूर खालीच.

उपासनेनंतर आवारात चहा-बिस्किटं होती. सर पायऱ्यांवर उभे राहिले, तर त्यांच्या दोन्ही बाजूंनी माणसं वाट काढून गेली. पाण्यात दगड असावा तशी. कुणी हात हातात घेतला नाही. नळापाशी कमिटीतले दोघं बोलत होते, ते सरांना पुरतं ऐकू आलं. "किल्ली सांडूकडं, तसं येणं-जाणं ह्यांचं बी होतंच की. त्याच कपाटाशी, मिटिंगच्या वहीसाठी." दुसरा म्हणाला, "गरीब गाय वाटायचा माणूस."

रिक्षात बसल्यावर मनकर्णाबाई म्हणाल्या, "झालं? मेलेल्याला झाकायला गेलात आन् चोर तुम्हीच ठरलात."

"ऐकलं मी."

"होता कुठं तो प्याला?"

सरांनी रिक्षाच्या भाड्याचे सुट्टे मोजायला घेतले.

"मला बी नाय सांगणार? चव्वेचाळीस वर्षं झाली लग्नाला."

"नाही."

बाई क्रांती चौकापर्यंत रागानं बाहेर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तो न फिरणारा पंखा धरून पाच म्हणालात. तेवढं तरी खोटं बोलायचं नव्हतं."

*

आठवडा वाईट गेला. सरांना वाटलं होतं, एकदा खरं बोललं की छातीवरचा दगड उतरेल. दगड होता तिथंच होता, फक्त बाजू बदलली होती. देवाच्या दारात अर्ज टाकला की तो पोच देत नाही, शिक्का मारून देत नाही. माणसं निदान ‘छान वाचलंत’ तरी म्हणतात.

सोमवारी त्यांनी पाळकसाहेबांना पत्र लिहायला घेतलं. ‘माझ्याविषयी झालेला गैरसमज दूर व्हावा म्हणून’ अशी सुरुवात. बुधवारपर्यंत तीन खर्डे झाले. तिसऱ्यात शिवराजसाहेबांचं नाव कुठंच नव्हतं, तरी वाचणाऱ्याला दुसरं कुणी सुचणार नाही अशी सोय होती. अठ्ठावीस वर्षांची कारागिरी पणाला लागली होती. ती वाचून सरांना स्वतःचीच किळस आली. खर्डे त्यांनी फाडले नाहीत. फायलीत लावले, आपल्या हाताचं काम म्हणून.

बुधवारी संध्याकाळी पाळकसाहेबांचा फोन आला. आवाज फार गोड. इथून पुढं वृत्तांत लिहायचं काम तरुण संघातल्या सायलीकडं द्यायचं ठरलंय, नवी पिढी पुढं यायला हवी, सरांनी आता आराम करावा. "हो, हो, योग्य आहे," सर म्हणाले. फोन ठेवल्यावर त्यांना कळलं, आपण पुन्हा ‘हो, हो’ म्हणालो.

शुक्रवारी सांडूचा फोन आला.

"नाव घेऊ नका म्हणलं व्हतं."

"घेतलं नाही."

"व्हय. तरी समद्यांना कळलंच की." मागं ट्रकचा घरघराट. "जालन्यावाल्यांचा फोन आलता. इचारत व्हते. म्या सांगितलं, समदं चर्च ऐकत असताना लोखंडे सर म्हणले ते खरं हाये. मग गप बसले."

"जमलं का मग मेघाचं?"

"बघू. आजून काय सांगितलं नाय त्यांनी." सांडू खाकरला. "सर, लोक म्हणतेत, प्याला तुमीच घेतला व्हता. तुमी खरं नाव सांगून मोकळं का नाय झालात?"

"तुला माहितीये कुणी?"

"दुशिंगसाहेब मला नोकरी लावायला सोता आले व्हते, स्कूटरवर. डोळ्याला डोळा देईनात. म्या काय लहान लेकरू व्हतो?"

सरांना पुढचं काही तरी ऐकायचं होतं. काय ते त्यांना चांगलं कळत होतं, म्हणून त्यांनी विचारलं नाही.

"लई उशीर केला, सर," सांडू म्हणाला आणि दांडी वर करायची आहे म्हणून त्यानं फोन ठेवला.

*

पुढचा रविवार महिन्यातला पहिला, प्रभुभोजनाचा. "घरीच बसा एवढा एक रविवार," मनकर्णाबाई म्हणाल्या, पण म्हणता म्हणता त्यांनी सरांचा इस्त्रीचा शर्ट खुंटीला लावला.

नेहमीच्या बाकावर नेहमीची माणसं नव्हती. दोघं नवरा-बायको तेवढी. सरांना वाटलं, उठून जावं. वाटलं, शेवटच्या गीताआधी पुढं जाऊन प्याला कुणाच्या घरात होता ते सांगून टाकावं, एका वाक्यात होईल, सात-आठ शब्दांत. ते शब्द तोंडात तयार होते. ते तसेच धरून ते वेदीच्या कठड्यापाशी गेले आणि गुडघे टेकले. डावीकडं जागा रिकामी होती. थोड्या वेळानं तिथं पांढरी साडी येऊन टेकली. केसरबाई. त्यांनी हात जोडले होते, डोळे मिटलेले.

पाळकसाहेब भाकर देत आले, मागं प्याला घेऊन आले. चांदी पुन्हा काळवंडली होती. या मंडळीत प्याला ज्याच्या त्याच्या हाती द्यायची पद्धत, माणसानं दोन्ही हातांनी धरावा, प्यावं, परत द्यावा. उजवीकडच्या मनकर्णाबाईंच्या हातात त्यांनी तो दिला, परत घेतला, फडक्यानं कड पुसली. मग सरांपुढं ते थांबले.

सरांनी हात वर केले.

पाळकसाहेबांनी प्याला सोडला नाही. दोन्ही हातांनी बुडाशी घट्ट धरून, बोटं पांढरी होईपर्यंत, त्यांनी तो सरांच्या ओठांना लावला. डोळे दुसरीकडं होते. बिचारे ओशाळले होते, पण सोडत नव्हते.

सरांचे हात हवेतच राहिले. तोंडातले ते सात-आठ शब्द तिथंच होते. शेजारी केसरबाईंनी डोळे उघडले होते. त्या प्याल्याकडं, पाळकसाहेबांच्या बोटांकडं बघत होत्या.

द्राक्षारस गोड आणि किंचित आंबट होता. सरांनी तो गिळला, त्याच्यासोबत ते शब्दही. मग हात खाली घेतले, उठले, आणि आपल्या बाकावर येऊन बसले.

येताना मागं वळून त्यांनी बघितलं नाही. पण बसल्यावर समोर दिसलं, केसरबाई अजून कठड्यापाशीच होत्या. प्याला हातात घेऊन त्या तशाच बसून राहिल्या होत्या, पित नव्हत्या, परतही देत नव्हत्या, आणि पाळकसाहेब हात पुढं करून उभे होते.